चार टनांचा रुग्ण

२०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने वीसेक रानहत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात उतरला. धान लोंबीवर आलं होतं. विदर्भातल्या कित्येक पिढ्यांनी हत्ती पाहिला होता तो सर्कशीत, नाहीतर अहेरी तालुक्यातल्या कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पात, पायात साखळी घातलेला. हा कळप कुणाच्याच मालकीचा नव्हता. ओडिशाच्या रानातून निघून छत्तीसगड ओलांडत आलेले हे हत्ती पुढे कुरखेडा, देसाईगंज, आरमोरी असे फिरले, गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेले, भंडाऱ्यात डोकावून परतले. शेतातले धानाचे पुंजणे उधळले गेले, घरांच्या भिंती पडल्या, माणसं मेली. त्याच्या बातम्या झाल्या आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण कळपातल्या एखाद्या हत्तीच्या पायात तार रुतली, तोंडात गावठी बॉम्ब फुटला, तर पुढे काय करायचं, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

विचारायला हवा, कारण ज्या मुलखात हे हत्ती आले तिथली रानं फाशांनी आणि तारांनी भरलेली आहेत. चितळ-रानडुकरांसाठी लावलेला तारेचा फासा वाघाचा पंजा कापतो, तसाच हत्तीच्या पिल्लाचा पाय किंवा सोंडेचं टोकही कापू शकतो. पिकाभोवती रात्री सोडलेली जिवंत तार तर जखमेपर्यंतही थांबत नाही. २०२३ साली चंद्रपूर जिल्ह्यात शिरलेला एक नर हत्ती सिंदेवाही तालुक्यात विजेच्या धक्क्याने जागीच मेला.

रानातल्या जखमी हत्तीला हात लावायचा की नाही, हे ठरतं नागपुरात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हत्तीला पहिल्या परिशिष्टात ठेवलं आहे. त्याला गुंगीचं औषध द्यायचं तर राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी लागते आणि त्यांचं कार्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे. पशुवैद्यकांची फळीही याच शहरात तयार होते. १९५८ साली सुरू झालेलं नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, त्याचं गोरेवाड्यातलं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र, सेमिनरी हिल्सवरचं वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने पंख कापलेले पक्षी या शेवटच्या ठिकाणी रांगेने येतात. बिबटे, माकडं, घुबडं, कासवं यांच्या जखमा इथल्या हातांना परक्या नाहीत. रानहत्ती मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा रुग्ण आहे, आणि तो फक्त आकाराने वेगळा नाही.

हत्तीची कातडी पाठीवर आणि मांड्यांवर दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत जाड असते. कानामागे, पोटाखाली आणि तोंडाच्या कडेला ती अगदी पातळ होते. जाड कातडी म्हणजे चिलखत असा आपला समज. जखमेच्या बाबतीत हीच जाडी उलटते. बंदुकीचा छर्रा, बाणाचं टोक किंवा दुसऱ्या नराचा सुळा आत खोल घुसतो, सोबत माती, केस, शेवाळ घेऊन जातो. वरचं तोंड लहान असतं, ते लवकर मिटतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, खपली धरली, बरं झालं. आत पू साचत राहतो. जाड कातडीतून तो फुटून बाहेर येऊ शकत नाही, म्हणून स्नायूंच्या थरांमधून वाट काढत खाली उतरतो आणि महिन्याभराने भलत्याच ठिकाणी भोपळ्याएवढं गळू दिसतं. म्हणून हत्तीच्या डॉक्टरांचा पहिला नियम असा की जखम लवकर मिटू द्यायची नाही. गळवाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर चीर द्यायची, म्हणजे निचरा होत राहतो आणि मांस तळापासून भरून येतं. टाके घालण्याचा मोह इथे कामाचा नाही. ही कातडी टाक्यांनी नीट जुळत नाही, हालचालीच्या ताणाने टाके उसवतात आणि आतली घाण आतच कोंडली जाते. उघडी जखम, भरपूर धुणं आणि भरपूर वेळ, एवढ्यावरच उपचार उभा असतो. तो वेळ कधी महिन्यांत मोजावा लागतो.

हा वेळ हत्ती स्वतः कसा काढतो, ते पाहण्यासारखं आहे.

हत्तीला घाम जवळपास येतच नाही. घामाच्या ग्रंथी आहेत त्या नखांच्या आसपास. अंग थंड ठेवायला त्याला पाणी, चिखल आणि धूळ लागते. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०१८ साली आफ्रिकी हत्तीच्या कातडीचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा सुरकुत्यांच्या आत आणखी बारीक भेगांचं जाळं सापडलं. सपाट कातडीच्या तुलनेत या जाळ्यात पाच ते दहा पट पाणी साठून राहतं आणि चिखलही चिकटून राहतो. आशियाई हत्तीची कातडी त्या मानाने गुळगुळीत असली, तरी चिखलाची ओढ त्याला तेवढीच. जखमी हत्ती पाणवठ्याच्या काठाने राहतो, सोंडेने चिखल उचलून नेमका जखमेवर फेकतो, वाळला की पुन्हा फेकतो. त्या थराने माशा बसत नाहीत. उष्ण प्रदेशात ही लहान गोष्ट नाही. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या पडतात आणि त्या जिवंत मांस खात आत जातात. जखम मारत नाही तिथे अळ्या मारतात, हे गुराढोरांच्या कुठल्याही डॉक्टरला ठाऊक आहे.

माशांसाठी हत्तीकडे दुसरंही साधन आहे. कर्नाटकातल्या नागरहोळेत पाळीव हत्तींना हेतुपुरस्सर लांबलचक, बेढब फांद्या दिल्या गेल्या. बऱ्याच हत्तींनी त्या पायाखाली धरून तोडल्या, बाजूच्या डहाळ्या काढल्या आणि सोंडेत मावेल अशी झुडपी करून माशा हाकलायला सुरुवात केली. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जिथे सोंड पोचत नाही तिथल्या जखमेसाठी ही झुडपी फार उपयोगाची.

पाण्याचा आसरा किती खोलवर रुजलेला आहे हे २०२० सालच्या मे महिन्यात साऱ्या देशाने पाहिलं. केरळात पालक्काडजवळच्या एका हत्तिणीच्या तोंडात फटाक्याची दारू भरलेलं फळ फुटलं. रानडुकरांसाठी ठेवतात त्यातलंच. जबडा फाटला होता, खाता येत नव्हतं. ती वेल्लियार नदीत उतरली आणि सोंड व तोंड पाण्यात बुडवून उभी राहिली. आग शमावी, माशा बसू नयेत, म्हणून ती तशी उभी असावी, असं तिला बाहेर काढायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं. दोन पाळीव हत्ती आणून तिला काठावर आणायचा प्रयत्न झाला. ती हलली नाही. २७ मे रोजी ती पाण्यातच मेली. शवविच्छेदनात ती गाभण असल्याचं दिसलं आणि मृत्यूचं तात्काळ कारण निघालं बुडणं. फुप्फुसांत पाणी गेलं होतं. जखम झाल्यापासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं, अंगात त्राण उरलं नव्हतं. ज्या पाण्याने तिला थोडा आराम दिला, त्यातच ती गेली. हत्तीच्या स्वतःहून बरं होण्याच्या क्षमतेबद्दल बोलताना ही हत्तीण विसरून चालणार नाही. त्या क्षमतेला मर्यादा आहेत आणि माणसाने बनवलेल्या दारूगोळ्यापुढे त्या फार लवकर येतात.

कळप हेही एक औषधच म्हणायला हवं. केनियातल्या सांबुरू अभयारण्यात ऑक्टोबर २००३ मध्ये एलिनॉर नावाची म्होरकी हत्तीण कोसळली. इयन डग्लस-हॅमिल्टन आणि त्यांचे सहकारी त्या कळपांवर नजर ठेवून होते. काही मिनिटांत ग्रेस नावाची दुसऱ्याच कुटुंबातली म्होरकी धावत आली, तिने सोंडेने चाचपून, सुळ्यांचा आधार देऊन एलिनॉरला उभं केलं. एलिनॉर पुन्हा पडली, तशी ग्रेस तिला ढकलत, मोठ्याने ओरडत बराच वेळ तिथेच थांबली. एलिनॉर वाचली नाही. थायलंडमधल्या २०१४ सालच्या अभ्यासातही अस्वस्थ झालेल्या हत्तीजवळ इतर हत्ती येऊन सोंडेने त्याच्या तोंडाला स्पर्श करतात, असं नोंदवलं गेलं. या धीराचा जखमेच्या भरण्यावर नेमका किती परिणाम होतो, याचं मोजमाप झालेलं नाही. पण कळपासोबत राहिलेला जखमी हत्ती पाण्यापर्यंत पोचतो, आणि एकट्या पडलेल्याला ते अवघड जातं, एवढं तर उघडच आहे.

झाडपाल्याच्या बाबतीत जरा जपून बोलावं लागतं. हत्ती आजारी पडला की नेमकी वनस्पती शोधून खातो, असं महावत सांगतात. लाओसमध्ये संशोधकांनी महावतांच्या अशा माहितीची पद्धतशीर नोंद केली. तिथे तर हत्ती काय खातो ते पाहून माणसांनी स्वतःसाठी औषधं उचलल्याची उदाहरणं मिळाली. १९७५ साली केनियात हॉली डब्लिन यांनी दिवस भरत आलेल्या एका हत्तिणीला नेहमीच्या चाऱ्यात नसलेलं एक झाड मुळापर्यंत खाताना पाहिलं. नंतर ती व्याली. तिथल्या बायका त्याच वर्गातल्या झाडाचा काढा प्रसूतीसाठी घेतात असं त्यांना कळलं. गोष्ट सुंदर आहे, पण ती एका हत्तिणीची आहे. जखमेवर औषधी पाला चघळून लावणारा प्राणी शास्त्रीय नोंदीत आला तो सुमात्रातला राकुस नावाचा ओरांगउटान. २०२२ साली गालावरच्या जखमेवर त्याने एका वेलीच्या पानांचा रस आणि चोथा लावला, जखम विनासंसर्ग भरली, आणि २०२४ साली तो निबंध जगभर गाजला. त्या तोडीची नोंद हत्तीबद्दल झालेली नाही. चिखल, पाणी, धूळ, झुडपी आणि सोबत, एवढं मात्र हत्तीच्या नावावर खात्रीने जमा करता येतं.

आणि ते थोडं नाही. आफ्रिकेत विषारी बाण लागलेल्या हत्तींवर उपचार करणारी पथकं काय करतात पाहा. केनियातल्या शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टची फिरती पशुवैद्यक पथकं तिथल्या सरकारी वन्यजीव सेवेबरोबर काम करतात. हत्ती बेशुद्ध केल्यावर सडलेलं मांस कापून काढतात, हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम फेसाळून धुतात, आयोडीन ओततात, दीर्घकाळ टिकणारं प्रतिजैविक टोचतात आणि सगळ्यात शेवटी हिरव्या मातीचा ओला लेप जखमेत भरून टाकतात. ती माती ओल शोषते, माशांना अडवते, घाण आत जाऊ देत नाही. हत्ती जे वरवर करू पाहत होता, तेच डॉक्टर आतून स्वच्छ करून पुरं करतात.

बेशुद्ध करणं हाच खरा जोखमीचा भाग. रानहत्तीला काट्यावर उभं करता येत नाही, आणि वजन चुकलं तर औषध चुकतं. इथे जुनं, साधं गणित कामाला येतं. ओल्या मातीत उमटलेला पुढच्या पायाचा ठसा शोधायचा, त्याचा घेर दोरीने मोजायचा आणि दोनने गुणायचं. आशियाई हत्तीची खांद्यापर्यंतची उंची साधारण तेवढी भरते. उंचीवरून वजनाचा अंदाज, वजनावरून औषधाची मात्रा. मग वेळ आणि जागा. सकाळचा गारवा हवा, जवळ खोल पाणी नको, उतार नको, लोकांची गर्दी तर मुळीच नको. गुंगीच्या औषधाचा डार्ट लागल्यावर ते चढायला काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात हत्ती बरंच अंतर तोडू शकतो. मागावरच्या माणसांना त्याच्यापासून नजर हटवता येत नाही.

हत्ती खाली बसताना छातीवर बसला तर सगळ्यांची धावपळ उडते. इतर प्राण्यांत फुप्फुसं आणि बरगड्यांच्या मध्ये पोकळी असते. हत्तीत ती जागा जोड-ऊतींनी भरलेली असते, फुप्फुसं छातीच्या भिंतीला चिकटलेली. छातीवर स्वतःचंच वजन पडलं की त्याला श्वास ओढता येत नाही. त्याला ताबडतोब कुशीवर लोटावं लागतं आणि त्यासाठी दोर, माणसं, कधी दुसरा हत्ती किंवा वाहन तयार ठेवावं लागतं. सोंड सरळ पसरून तिच्या टोकाशी काडी अडकवतात, म्हणजे नाकपुड्या मिटत नाहीत. कान दुमडून डोळ्यावर ओढतात, अंगावर पाणी ओतत राहतात. कानामागच्या जाड शिरेतून सुई देतात. एक जण फक्त श्वास मोजत बसतो. काम आटोपलं की त्याच शिरेतून गुंगी उतरवणारं उलट औषध, आणि साऱ्यांनी मागे पळायचं. दोन-तीन मिनिटांत चार टनांचा रुग्ण उभा असतो.

उद्या पट्टी बदलायला तो येणार नाही. हत्तीच्या उपचारातली सगळ्यात मोठी अडचण हीच. दुसऱ्यांदा डार्ट मारणं म्हणजे दुसऱ्यांदा तोच धोका, शिवाय डार्टच्या सुईची स्वतःची जखम पिकू शकते. म्हणून जमेल तिथे गुळात, केळ्यात किंवा फणसात प्रतिजैविकं भरून ती हत्तीच्या वाटेवर ठेवतात. तमिळनाडू आणि केरळच्या वनखात्यांनी असे उपचार केले आहेत. पण त्या फळांची चटक लागलेला हत्ती गावाजवळ घुटमळू लागतो, हा त्याचा दुसरा भाग.

२०२५च्या जानेवारीत केरळातल्या अतिरप्पिल्लीजवळ डोक्यावर खोल जखम झालेला एक सुळेवाला दिसला. डॉ. अरुण झकारिया यांच्या पथकाने २४ जानेवारीला त्याला डार्ट मारून जखम साफ केली, औषधं दिली, रानात सोडलं. काही दिवस तो सावरतोय असं वाटलं. मग जखम पुन्हा चिघळली, आत अळ्या दिसल्या. तो सोंडेने त्या खड्ड्यात माती टाकत होता. फेब्रुवारीत त्याला पुन्हा बेशुद्ध करून कोडनाडच्या हत्ती तळावर न्यायचं ठरलं. १९ तारखेला तो कोसळला तेव्हा त्याच्यासोबत असलेला दुसरा नर जवळ येऊन त्याला सोंडेने चाचपत राहिला. २१ फेब्रुवारीला तो तळावर मेला. डोक्याची जखम सोंडेच्या मुळापर्यंत पोचलेली असेल, तर चिखलाचा उपाय तिथे कमी पडतो, आणि डॉक्टरांचाही. आधीच न्यायला हवं होतं की नेण्यानेच तो गेला, यावर बाहेरून निवाडा देणं सोपं असतं. जवळून काम करणाऱ्यांना असा निर्णय अर्ध्या माहितीवर, तासाभरात घ्यावा लागतो.

महाराष्ट्राने हा धडा आधी एकदा घेतला आहे. कर्नाटकातून तिलारी-दोडामार्गच्या बाजूने सिंधुदुर्गात २००२ पासून हत्ती येऊ लागले. २०१५ साली त्यातले तीन पकडून आंबेरीच्या तळावर ठेवले गेले. पैकी दोन दगावले. त्यांच्या अंगावर तलवारीचे घाव नव्हते. पकड, कोंडणं, दोर आणि ताण हीच एक मोठी जखम होती.

नागपूरजवळचा अनुभव वाघाचा आहे, आणि तो इथे उपयोगी पडेल. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या सापळ्यात अडकलेल्या साहेबराव नावाच्या वाघाचा पुढचा पंजा गेला. तो गोरेवाड्यात राहत होता आणि दुखणाऱ्या पायाने लंगडत होता. नागपूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. सुश्रुत बाभूळकर यांनी त्याला दत्तक घेतलं, पशुवैद्यकांबरोबर आधी दुखऱ्या मज्जातंतूवर शस्त्रक्रिया केली आणि जानेवारी २०२० मध्ये कृत्रिम पाय बसवला. शुद्धीवर आल्यावर वाघाने तो काढून टाकला. जगभर त्याची बातमी झाली ती अपयश म्हणून. खरं तर दुखणं कमी करणारी आधीची शस्त्रक्रिया हाच त्यातला मोलाचा भाग होता. थायलंडमधल्या लाम्पांगच्या हत्ती रुग्णालयात मोशा नावाच्या हत्तिणीने मात्र कृत्रिम पाय आपलासा केला. २००६ साली ती सात महिन्यांची असताना सुरुंगावर पाय पडून तिचा पुढचा पाय गेला होता. ती वाढत गेली तसे तिचे पाय बदलत गेले. पण मोशा माणसांत वाढलेली, रोज पट्टा बांधून घेणारी. धानोऱ्याच्या रानातला हत्ती मोशा नव्हे. त्याच्या बाबतीत साहेबरावाचाच अनुभव जवळचा.

पाळीव हत्तींच्या जखमांचं ज्ञान मात्र विदर्भात आहे, आणि ते कमलापूरला आहे. दर हिवाळ्यात, साधारण जानेवारीत, तिथल्या हत्तींना काही दिवस सुटी असते. कॅम्प पर्यटकांना बंद, आणि महावत व चाराकटर चोपिंगच्या कामाला लागलेले. थंडीत हत्तींच्या तळव्यांना भेगा पडतात, नखांच्या कडा फाटतात. हिरडा, बेहडा आणि इतर कितीतरी वनौषधी कुटून, मोठ्या कढईत उकळून लेप करतात आणि गरम असतानाच तो तळव्यांना चोपून शेक देतात. हत्ती एकेक पाय उचलून देतो. हिरड्या-बेहड्यात टॅनिन भरपूर असतं. ते कातडं आकसवतं आणि घट्ट करतं, म्हणून हा उपाय निव्वळ परंपरा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. मध्य प्रदेशातल्या कान्हा आणि पेंचमध्येही पावसाळ्याच्या अखेरीस हत्तींना अशीच विश्रांती मिळते; नखं कापतात, पायांना कडुनिंबाचं तेल चोळतात. पाय बिघडला की हत्ती संपला, हे महावतांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीच्या वादात २०२५ साली न्यायालयापुढे आलेल्या मुद्द्यांतही तिच्या पायांची आणि सांध्यांची दुखणी होती. रानात चालून नखं आपोआप झिजतात. फरशीवर उभं राहून ती झिजत नाहीत, तळवे मात्र सडतात.

पुस्तकंही आहेत. पालकाप्य मुनी आणि अंगदेशाचा राजा रोमपाद यांच्या संवादातून उलगडणारा ‘हस्त्यायुर्वेद’ हा संस्कृत ग्रंथ १८९४ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने छापला. त्याच्या चार भागांतला एक पूर्ण भाग शल्याला, म्हणजे जखमा, रुतलेली शस्त्रं आणि शस्त्रक्रिया यांना दिला आहे. युद्धात हत्ती जायचे, त्यांना बाण-भाले लागायचे, त्यामुळे ही विद्या हौसेची नव्हती. कमलापूरचा चोपिंगचा लेप, त्या ग्रंथातले पाठ आणि गोरेवाड्यातली प्रयोगशाळा यांना एका टेबलावर आणून कुठली वनस्पती खरंच जंतू मारते, कुठली नाही, हे तपासण्याचं काम नागपुरात होऊ शकतं. माणसं इथे आहेत, हत्तीही एका दिवसाच्या प्रवासावर आहेत.

रानातल्या कळपासाठी मात्र तयारीचा पहिला भाग औषधांचा नाही. जखमी हत्तीला पाणी, सावली आणि शांतता मिळाली तर बहुतेक मध्यम जखमा तो निभावून नेतो. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यात पाण्याला तोटा नाही. गावोगाव बोड्या आहेत, मालगुजारी काळापासूनचे मामा तलाव आहेत आणि त्यांच्या काठाला हवा तेवढा चिखल आहे. तोटा आहे तो शांततेचा. हत्ती दिसला की दुचाक्या निघतात, मोबाइल वर होतात, फटाके फुटतात, मशाली पेटतात. पश्चिम बंगालमधून आणलेल्या हुल्ला पथकांना कळप वळवायचं तंत्र येतं. गावातल्या पोरांना ते येत नाही आणि येईल अशी अपेक्षाही नको. धावता हत्ती जखमेत माती भरू शकत नाही, पाण्यात उभा राहू शकत नाही, पिल्लू मागे पडतं. लंगडणारा हत्ती दिसला तर त्याच्या आजूबाजूचं एक-दोन किलोमीटर रान काही दिवस मोकळं ठेवणं, लांबून दुर्बिणीने किंवा ड्रोनने नजर ठेवणं, तो खातोय का, लीद टाकतोय का, चारी पायांवर वजन देतोय का, एवढं टिपत राहणं, हे गावपातळीच्या वनरक्षकालाही करता येतं. तोंडाची जखम, पोटाची जखम, हाडापर्यंत रुतलेली तार आणि अळ्या पडलेली जखम या चार बाबतींत मात्र वाट पाहणं घातक ठरतं. यातली एखादी खूण दिसली की परवानगीची फाइल त्याच दिवशी नागपूरला पोचली पाहिजे आणि पथक दुसऱ्या सकाळी रानात हवं. पालक्काडच्या हत्तिणीला एवढा वेळ मिळाला नव्हता, कारण ती जखमी आहे हे कुणाला वेळेत कळलंच नाही.

तारांचं काम याहूनही आधीचं. रानडुकरांनी धान खाल्लं की शेतकरी अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकतो आणि बांधाभोवती उघडी तार फिरवतो. त्याचं नुकसान खरं आहे, भरपाई उशिरा येते हेही खरं आहे. पण त्या तारेवर डुक्कर मरतं, तसाच वाघ, हत्ती आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही मरतो. सौर कुंपणाचा धक्का क्षणभराचा असतो, झटका देऊन सोडतो, आणि अशा कुंपणासाठी सरकारी अनुदानाची योजना आहे. वनखातं आणि महावितरण रात्रीची संयुक्त गस्त घालतात, आकडे काढतात, गुन्हे दाखल करतात. गडचिरोलीत धान निसवल्यापासून पुंजणे घरी येईपर्यंतचा काळ साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतचा. हत्ती शेतात उतरतात तेही याच महिन्यांत.